तागडीची अंगाई

मुलांनो, एक कल्पना करा. तुम्ही एका मोठ्या, उंच छताच्या इमारतीत उभे आहात. जिकडे पाहावं तिकडे लोखंडी मांडण्या आणि मांडण्यांत पुस्तकंच पुस्तकं. इथं कुणी मोठ्यानं बोलत नाही. खुर्ची सरकवायची झाली तरी माणसं ती उचलून ठेवतात. तिथल्याच एका नियतकालिकाच्या अंकात तुम्ही सांगितलेली गोष्ट छापून आली आहे. जो तो तुमचं कौतुक करतो आहे. आणि त्या सगळ्या इमारतीत एकट्या तुम्हालाच ठाऊक आहे, की ती गोष्ट खोटी आहे. आता सांगा बरं, नजर कुठं ठेवाल?

मंजुश्रीनं नजर आपल्या चपलांवर ठेवली होती.

मंजुश्री उदगीरची. सहावीत शिकणारी, बोलकी, जरा फुशारकी मारणारी. तिच्या अज्जांचं, म्हणजे आजोबा ईश्वरप्पांचं, बाजारात किराणा-भुसाराचं दुकान आहे. शाळा सुटली की ती आणि तिचा मोठा भाऊ मल्लेश दुकानातच असतात. तिथंच दिवाळीच्या सुट्टीत एकदा दीपमालाताई आली होती.

ताई देगलूरची, शेतकऱ्याची मुलगी. नांदेडच्या विद्यापीठात ती मानवशास्त्रात पीएचडी करते. मानवशास्त्र म्हणजे माणसं कशी राहतात, काय मानतात, काय पाळतात आणि का पाळतात, याचा अभ्यास. ताईचा विषय होता दुकानदारांच्या घरातल्या चालीरीती. ती गुळाच्या ढेपेशेजारी पोत्यावर बसली आणि विचारू लागली.

अज्जा रंगात आले. "दुकान बंद केलं असं म्हणायचं न्हाई बघा. वाढवलं म्हणायचं. आन मीठ संपलं तरी संपलं म्हणायचं न्हाई, उद्या येतंय म्हणायचं."

मग मल्लेशनं भवानीचं सांगितलं. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती होईपर्यंत आपल्या सख्ख्या मामालाही उधार द्यायचं नाही. ताईचं पेन भराभरा चाललं होतं. मंजुश्री चहाचे कप घेऊन उभी होती. ताईनं मान वर करून विचारलं, "आणि तुला गं? तुला काय माहीत आहे?"

"हिला?" मल्लेश म्हणाला. "हिला तुरीची आन हरभऱ्याची डाळ वळकू येत न्हाई ताई, हिला काय इचारता!"

गिऱ्हाइकं हसली. अज्जाही हसले. मंजुश्रीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिची नजर भिंतीकडे गेली. तिथं खुंटीला जुनी पितळी तागडी टांगलेली होती. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून ती तागडी, तो जुना तराजू, नुसता दसऱ्याला खाली उतरायचा.

"आज्जी तागडीला झोपवायची," मंजुश्री म्हणाली.

ताईचं पेन थांबलं. अज्जा तोवर एका गिऱ्हाइकाला शेंगदाणे दाखवायला उठले होते.

"म्हणजे कशी?"

"दर अमावास्येला. तागडी दिवसभर सगळ्यांचं वजं उचलती ना, दमती. मग आज्जी तिला खणाचं कापड पांघरायची. दोन्ही पारड्यांत गुळाचा खडा ठिवायची. आन गाणं म्हणायची."

"कुठलं गाणं?"

खरं तर इथं थांबता आलं असतं. 'आठवत न्हाई' एवढंच म्हणायचं होतं. पण ताई पोत्याच्या अगदी कडेला सरकली होती, चहाचा कप तिच्या हातात तसाच राहिला होता, आणि मल्लेशचं तोंड उघडं पडलं होतं. मंजुश्रीच्या तोंडून गाणं आपोआप बाहेर आलं:

"जो जो तागडी, मिट गं डोळे,
दोन्ही पारड्यांत गुळाचे गोळे."

ताईनं तिला पुन्हा म्हणायला लावलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. "अज्जांना हे माहीत आहे?"

"न्हाई. अज्जा पुढं हिशोबात असायचे. आज्जी मागच्या दारानं यायची."

शिवम्मा आज्जी वारल्या होत्या. आता कोण विचारायला जाणार?

निघताना ताईनं अज्जांना तेवढं विचारलं, "शिवम्मा आज्जी तागडीची पूजा करायच्या का हो?"

"करायची की!" अज्जा म्हणाले. "लई देवभोळी होती." त्यांच्या डोळ्यांपुढं दसऱ्याची पूजा होती, ताईच्या डोळ्यांपुढं अमावास्या. दोघंही समाधानानं हसले आणि ताई बसस्टँडकडे गेली.

मंजुश्री काही दिवसांत हे सगळं विसरली. खोटं बोलणारा लवकर विसरतो. ऐकणारा मात्र ते जपून ठेवतो.

दीड वर्षानं, उन्हाळ्यात ताईचा फोन आला. तिचा शोधनिबंध छापून आला होता! अज्जांनी आणि मंजुश्रीनं नांदेडला यावं, विद्यापीठाचं ग्रंथालय बघावं, अंक हातात घ्यावा, असं तिचं म्हणणं होतं. अज्जांनी शेजारच्या चार दुकानांत सांगून टाकलं. मंजुश्रीनं पोट दुखतंय म्हणून बघितलं. अज्जांनी ओवा दिला आणि म्हणाले, "गाडीत बसलं की राहतंय."

 एसटीत सगळ्या वाटेत तिच्या डोक्यात एकच चाललं होतं: ताईनं गाण्याचं लिहिलं नसेल. भवानीचं लिहिलं असेल, मिठाचं लिहिलं असेल. माझं कशाला लिहील?

ग्रंथालयाच्या दारात ताई उभीच होती. तिथले ग्रंथपाल सुदर्शन सर पुढं आले. अज्जांना नमस्कार करून म्हणाले, "या. ज्यांच्यामुळे आमच्या मुलांचे निबंध होतात, ती माणसं इथं कधी येतच नाहीत."

सरांनी त्यांना सगळं फिरून दाखवलं. मुलांचे प्रबंध लाल कापडी बांधणीत ओळीनं लावलेले होते. पलीकडे नियतकालिकांची मांडणी होती. "वर्षातून दोनदा येणारं आहे हे," सर म्हणाले आणि त्यांनी एक अंक काढला. "यात कुणी काही पाठवलं की लगेच छापत नाहीत. आधी दोन जाणकार वाचतात. लिहिणारा कोण ते त्यांना सांगत नाहीत, आणि वाचणारे कोण ते लिहिणाऱ्याला सांगत नाहीत."

"म्हंजे भीडभाड न्हाई," अज्जा म्हणाले.

"अगदी बरोबर. आणि त्या दोघांनीही दीपमालाच्या निबंधातला एकच भाग उचलून धरला. तागडीच्या अंगाईचा!"

मंजुश्रीनं तेव्हाच आपल्या चपलांकडे बघायला सुरुवात केली.

ताईनं पान उघडलं. अज्जांच्या 'वाढवलं'ला अर्धी ओळ मिळाली होती. मल्लेशच्या भवानीला दोन ओळी. आणि तागडीची अंगाई पानामागून पान चालली होती. निर्जीव वस्तूला लेकरासारखं वागवणारी, बायकांनी पुरुषांच्या नकळत राखलेली रीत, असं काय काय लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरांत तळटीप होती: माहिती देणारी, उदगीर येथील व्यापारी कुटुंबातील मुलगी.

"लहान मुलांची नावं आम्ही छापत नाही," ताई हळूच म्हणाली. "पण ती तूच बरं का."

म्हणजे कुणाला कधी कळणारही नव्हतं. मंजुश्रीला वाटलं, आता बरं वाटायला हवं. पण वाटलं उलटंच. नाव असतं तर निदान कुणी रागावलं असतं.

"अजून गंमत बघा," सर म्हणाले आणि संगणकाकडे वळले. "एकाचं लिहिलेलं दुसरा वापरतो तेव्हा तसं नोंदवतो. धारवाडच्या एका बाईंनी हिचा निबंध वाचून आपल्या लेखात ही अंगाई घेतली. आता त्या तिकडच्या दुकानांत विचारत फिरताहेत, तुमच्याकडेही तागडी झोपवतात का म्हणून."

उन्हातान्हात दुकानोदुकानी हिंडणाऱ्या त्या अनोळखी बाई मंजुश्रीला डोळ्यांपुढं दिसल्या. दुकानदार म्हणत असतील, न्हाई बाई, असलं काही न्हाई आमच्यात. आणि त्या पुढच्या दुकानाकडे चालल्या असतील.

"सर," तिनं विचारलं. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही, म्हणून तिनं पुन्हा विचारलं, "सर, छापलेलं चुकीचं निघालं तर ते पान फाडून टाकतात का?"

"छे! पान कधीच फाडत नाहीत." सरांनी एक जुना, जाड अंक खाली काढला. त्यात एका पानावर छोटी, पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. "हे शुद्धिपत्र. किनवटकडच्या एका गावाबद्दल या गृहस्थांनी चुकीचं लिहिलं होतं. पुढं त्यांना कळलं. त्यांनी स्वतःच कळवलं, पुढच्या अंकात ते छापलं, आणि इथं आम्ही डकवलं. चूकही राहते, दुरुस्तीही राहते. वाचणाऱ्याला दोन्ही दिसतात."

"मग लोक हसले का त्यांना?"

"हसले असतील की," सर म्हणाले. "पण त्या गावाबद्दल पुन्हा कुणी चुकीचं लिहिलं नाही."

मोठ्यानं बोलता यावं म्हणून ताई त्यांना शेजारच्या लहान खोलीत घेऊन गेली. अज्जांनी चष्मा लावला, अंक टेबलावर सपाट ठेवला आणि ओळीखाली बोट सरकवत वाचायला लागले. सावकाश वाचत होते. मध्येच त्यांचं बोट थांबलं.

"हे शिवम्मा करायची?"

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"एका घरात राहून मला पत्ता न्हाई." अज्जांनी चष्मा काढला. "मी हितं गल्ल्यावर, आन ती मागं तागडीला अंगाई म्हणती. कधी वळून बघितलं न्हाई मी. कसलं म्हणायचं हे माणूस?"

"असं नका म्हणू, अज्जा," ताई म्हणाली.

"न्हाई गं बाई, खरं त्ये खरं. मला आधी वाटलं, असलं काही नव्हतं आमच्याकडं. पर हे एवढ्या मोठ्या लोकांनी तपासून छापलंय. म्हंजे असंलच. माझंच ध्यान नव्हतं." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग उगाच हसल्यासारखं केलं आणि म्हणाले, "मंजे, ह्या पानाची झेरॉक्स घिऊ. आज्जीच्या फोटूपाशी लावू."

मंजुश्रीला वाटलं, टेबलाखाली शिरावं. दुकानात अज्जा तिला हसले होते, तेवढं हसणं मोडून काढायला तिनं ते खोटं रचलं होतं. आता तेच अज्जा तिच्यासमोर बसून, न केलेल्या चुकीची लाज वाटून घेत होते. लाज तिची होती. ती अज्जांनी आपल्या अंगावर घेतली होती, आणि ती गप्प बसून बघत होती.

आणि खरं सांगून टाकावं, तर तेही सोपं नव्हतं. खरं सांगितलं की अज्जांच्या हातातून अंगाई म्हणणारी आज्जी निघून जाणार. ताईचा पहिला छापील निबंध बिघडणार. सुदर्शन सर ज्या पानाचं एवढं कौतुक करत होते, त्यावर चिठ्ठी डकवावी लागणार. तीन मोठी माणसं, तिघंही तिच्याशी चांगली वागलेली. नुसतं गप्प राहिलं तर तिघंही सुखात राहतील, असं तिला एकदा वाटून गेलं. मग तिनं अज्जांकडे बघितलं. ते सुखात दिसत नव्हते.

"बरं झालं आठवलं," ताई म्हणाली आणि तिनं फोन काढला. "प्रबंधासोबत मला गाण्याचं ध्वनिमुद्रण जोडायचंय. दुकानातलं नीट आलं नाही, मध्ये ट्रकचा हॉर्न आहे. मंजुश्री, एकदा म्हणशील? शब्द विसरली असशील तर हे बघ, इथं छापलेत."

"म्हण की गं," अज्जा म्हणाले. "आज्जीसारखं म्हण. मला ऐकू दी तरी."

फोनवर लाल ठिपका लागला. ताईनं बोटानं खूण केली: कर सुरू.

समोर पान होतं. तिनं मल्लेशवरच्या रागानं जुळवलेले दोन चरण, सुंदर काळ्या अक्षरांत, अवतरणचिन्हांत. अक्षरं एवढी ठाम दिसत होती, की क्षणभर तिलाही वाटलं, आज्जी खरंच असं म्हणत असेल का?

"जो जो..." तिनं सुरुवात केली.

अज्जांनी डोळे मिटून घेतले. ऐकायला ते जरा पुढं वाकले.

मंजुश्री थांबली.

"विसरलीस?" ताईनं विचारलं आणि फोन बंद करायला हात पुढं केला.

"बंद नका करू, ताई. चालूच राहू द्या." मंजुश्रीनं फोन आपल्याकडे ओढून घेतला. छापलेलं पान पालथं केलं नाही, तसंच समोर ठेवलं. मग ती उठली, खुर्ची आवाज न करता उचलली आणि अज्जांच्या अगदी समोर ठेवून बसली, म्हणजे खाली बघायला जागाच उरू नये.

"अज्जा, डोळे उघडा," ती म्हणाली. "आज्जी असं काही करत नव्हती. तुमचं ध्यान होतं. हे गाणं मी त्या दिवशी दुकानात उभ्या उभ्या जुळवलं."

आणि लाल ठिपका चालू असेपर्यंत तिनं सगळं सांगितलं. मल्लेशच्या टोमण्यापासून आजच्या खोट्या पोटदुखीपर्यंत, काही न वगळता.