खंडेनवमीची हत्यारं

साळूबाईनं देव्हाऱ्यापुढच्या पाटावरून बारा-तेराचा पाना उचलला, तेव्हा त्याच्यावरचं कुंकू अजून ओलं होतं. तिनं तो पदराला पुसला. मग प्लगचा पाना, पक्कड आणि दोन पेचकस एकेक करून ओच्यात घातले. पाटावर झेंडूची फुलं तेवढी राहिली.

"आई! अहो, हे काय करताय?" पल्लवी, तिची सून, हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली. "हत्यारं आज पूजेला बसलीत. उद्या दसरा झाल्याशिवाय हात लावायचा नसतो. तुम्हीच तर सांगता दरवर्षी."

"सांगते. पण उद्यापर्यंत गाडी राहती का?"

गाडी राहणार नव्हतीच. दसऱ्याच्या मुहूर्तावर महेशची नवी कोरी मारुती दारात येणार होती, आणि सिडकोतल्या त्या रो-हाउसच्या पोर्चमध्ये एकच गाडी मावत होती. तिथं अडुसष्ट सालची फियाट वर्षभर धूळ खात उभी होती. महेशनं द्वारका चौकातल्या एका भंगारवाल्याशी बोलून ठेवलं होतं. आज दुपारी चार वाजता टेम्पो येणार, फियाटला दोर बांधणार आणि ओढून नेणार.

महेशचं अगदीच चुकत होतं असंही नाही. त्यानं रीतसर वडिलांना विचारलं होतं. सावळीराम वरच्या खोलीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तोंड न वळवताच ते म्हणाले होते, "देऊन टाक." झालं. लेकाला परवानगी मिळाली. पण जो माणूस तीस वर्षं सातपूरच्या कारखान्यातून घरी आला की चहाच्या आधी बॉनेट उघडायचा, तो 'देऊन टाक' म्हणतो म्हणजे काय, हे पोटच्या पोराला कळू नये? साळूबाईला त्या दिवसापासून महेशचा असा राग आला होता की, त्याचं ताट वाढतानाही तिचा हात आपटायचा.

सावळीरामांना पॅरालिसिसचा झटका येऊन अकरा महिने झाले होते. पाय बऱ्यापैकी सुधारला होता, काठी घेऊन चालता येत होतं. बोलणंही सुधारलं होतं. उजवा हात तेवढा राहिला होता. डॉक्टर म्हणत, "त्यांना फिरवा, कशात तरी गुंतवा." पण सावळीराम खाट सोडतील तर शपथ. पोर्चकडे तर त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. उलट खाटेजवळच्या खिडकीचा पडदा त्यांनी स्वतःच ओढून घेतला होता. गाडी गेली की हा माणूस खाटेवरून उठणार नाही, हे साळूबाईला लख्ख दिसत होतं.

ती पोर्चमध्ये आली. ओच्यातली हत्यारं तिनं फरशीवर ओळीनं मांडली आणि बॉनेट उघडलं.

बॅटरी तिनं परवाच रिक्षात घालून चार्जिंगला दिली होती आणि काल गुपचूप आणून बसवली होती. टाकीतलं जुनं पेट्रोल नळीनं काढून नवं ओतलं होतं. आता तिनं कार्बोरेटर उघडला, त्यातला पेट्रोलच्या बारीक भोकाचा जेट काढला आणि तोंडानं फुंकर मारली. जिभेवर पेट्रोलची चव आली तशी ती पचकन थुंकली. चारी प्लग काढून पॉलिश पेपरनं घासले. कशानंतर काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लग्नानंतर वर्षभरात ती या गाडीशेजारी टॉर्च धरून उभी राहिली होती, ती उभीच राहिली होती. "बारा-तेरा दे." "पक्कड दे." "उजेड इकडं धर." पाना चालवायला मात्र मिळाला नाही. साधा एक नट पिळू का म्हटलं तरी सावळीराम म्हणायचे, "तू उजेड धर."

साडेतीनला महेश ऑफिसातून लवकर आला. आईला बॉनेटमध्ये कोपरापर्यंत काळी झालेली बघून तो फाटकातच थांबला.

"आई, काय चाललंय हे? लोक बघतायत."

"बघू दे. तिकीट लावलं नाय मी."

"अगं, वर्षभर बंद गाडी आहे ती. मेकॅनिकनं हात टेकले असते. तू काय चालू करणार?"

"चालू झाली तर?"

"नाही होणार."

"झाली तर ही जागची हलणार नाय. बोल."

महेशनं घड्याळात पाहिलं आणि हसला. "बरं बाई. चार वाजेपर्यंत कर काय करायचं ते."

चारला दहा कमी असताना टेम्पो आला. त्यातून गोरक्ष भंगारवाला खाली उतरला. तो दोर खांद्यावर टाकून फाटकाला टेकून उभा राहिला. समोरच्या ओट्यावर चार बायका जमल्या. साळूबाईनं प्लग बसवले. आता प्लगच्या वायरी राहिल्या होत्या. तिनं पहिली लावली. दुसरी हातात घेऊन ती थांबली. तिनं मान वर करून खिडकीच्या पडद्याकडे पाहिलं. मग वायरी भराभर ओळीनं लावून टाकल्या. एक, दोन, तीन, चार.

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा. चावी फिरवून तिनं सेल्फ मारला. गाडी खोकली, हादरली आणि सायलेन्सरमधून असा दणदणीत बार निघाला की, समोरच्या ओट्यावरच्या बायका किंचाळल्या. महेश कपाळाला हात लावून हसायला लागला.

तिनं पुन्हा सेल्फ मारला. पुन्हा बार. तिसऱ्यांदा मारला. तिसरा बार.

वर खिडकीचा पडदा खसकन बाजूला झाला.

"बंद कर! बंद कर ती!"

जिन्यावर काठीचा आवाज आला. एकेक पायरी, पण न थांबता. सावळीराम दारात आले ते घामानं भिजलेले आणि लालबुंद. महेश धरायला पुढं झाला, तर त्यांनी त्याला काठीनं बाजूला सारलं.

"कुणी लावल्या ह्या वायरी?"

"मी," साळूबाई म्हणाली.

"इतकी वर्षं माझ्याशेजारी गवत उपटत होतीस का गं? वायरी काय ओळीनं लावतात? एक-तीन-चार-दोन! एक-तीन-चार-दोन! हजारदा बोंबललो असंन! इंजिनाची वाट लावशील! आणि ही हत्यारं... खंडेनवमीला हत्यारं उचलली?"

"माझ्या ध्यानात नाय राहत. तुम्ही लावा."

"मी कसा लावू? हात..."

"डावा हाय की."

सावळीराम तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी काठी महेशच्या हातात दिली आणि बॉनेटवर वाकले. डाव्या हातानं त्यांनी चुकीच्या तीन वायरी उपटल्या आणि त्यातली एक बसवायला घेतली. वायर दोनदा सुटली. तिसऱ्यांदाही सुटली. साळूबाईचे हात नुसते शिवशिवत होते, पण तिनं ते पाठीमागं घट्ट धरून ठेवले. चौथ्यांदा वायर टक्कन बसली. मग पुढची. मग त्यापुढची.

"बारा-तेरा दे," ते म्हणाले.

तिनं दिला. पान्याच्या खाचेत कुंकू अडकलं होतं. ते त्यांच्या अंगठ्याला लागलं.

"आता आत बस. सेल्फ मार."

"मी?"

"मग काय मी इथं वाकून बी राहू आणि आत जाऊन बी बसू?"

तिनं सेल्फ मारला. गाडी एकदा खोकली, दोनदा खोकली आणि सुरू झाली. पोर्चमध्ये काळा धूर भरला. सावळीरामांनी कान इंजिनाकडे लावला आणि डोळे मिटले.

गोरक्षनं खांद्यावरचा दोर काढून टेम्पोत फेकला.

"मी नाय नेत, महेशभाऊ."

"अरे, आपलं ठरलंय ना?"

"बंद गाडी ठरली होती. खंडेनवमीला चालतं इंजिन तोडायला नेऊ? माझ्या बी दुकानात पूजा मांडलीय." सावळीरामांना हात जोडून तो निघून गेला.

"आता उद्या माझी गाडी कुठं लावायची?" महेश म्हणाला.

"फाटकाबाहेर," साळूबाई म्हणाली. "नवी हाय, तिला काय ऊन लागत नाय."

"काळा धूर ओढतीय," सावळीराम स्वतःशीच म्हणाले. "कार्बोरेटर खोलावा लागंल. उद्या दसरा. परवा सकाळी बघू. पल्लवी, जरा चहा ठेव." आणि ते गाडीला टेकून उभे राहिले. आत जायची त्यांना घाई दिसली नाही.

साळूबाईनं हत्यारं रॉकेलनं पुसून पुन्हा पाटावर मांडली. महेश तिच्यामागं येऊन उभा राहिला होता.

"आई, बालवाडीत बाईंनी मला आकडे म्हणायला उभं केलं होतं. आठवतंय?"

"नाय बा."

"मी एक-तीन-चार-दोन म्हटलं. सगळा वर्ग हसला. बाईंनी तुला बोलावून घेतलं होतं. मला झोपवताना तू तेच म्हणायचीस. रोज."

साळूबाईनं करंडा उघडला. बाहेर पोर्चमध्ये सावळीराम कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते की, बायकोला इतकी वर्षं शिकवून साध्या चार वायरी लावता येत नाहीत.

"म्हातारी झाले रे," ती म्हणाली आणि बारा-तेराच्या पान्याला नव्यानं कुंकू लावलं.