नळी घालण्याआधी

"पानी दे गं," धोंडीराम पुन्हा म्हणाला. ऑक्सिजनच्या मास्कमधून शब्द कसाबसा बाहेर आला.

"नका देऊ मावशी," सिस्टर म्हणाली. "घशात मशीनची नळी घालायची ठरली तर पोट रिकामं पाहिजे."

भिवराबाईने हात मागे घेतला. सकाळपासून हेच चाललं होतं. श्वासाचं मशीन दवाखान्यात होतं. लावायचं की नाही, ते डॉक्टरांनी घरच्यांवर सोडलं होतं. आणि घरची म्हणून जवळ ती एकटीच.

मुलगा भारत अमेरिकेत. तो फोनवर ओरडलाच, "माय, विचारतीस काय? इथं आधी लावतेत, मग बोलतेत!"

मुलगी तुळजा इंग्लंडात नर्स. ती हळू बोलली, "माय, बाबांची फुप्फुसं बिडीनं कवाच गेलीत. अशा माणसाला मशीन नको, असं इथं डॉक्टरच म्हणतेत. मशीन मग सुटत न्हाई."

दोघंही शिकलेली, दोघांनाही बापाची माया. भिवराबाईने जपासाठी डोळे मिटले, तर समोर देवाऐवजी टँकर आला. दुष्काळात चाऱ्यावाचून जनावरं आटली, सहकारी दूध संघाचा टँकर रिकामा पडला. मग त्याचा ड्रायव्हर धोंडीराम त्यातूनच गावोगाव पाणी वाहायचा. चकलांब्याच्या बाया गराडा घालायच्या.

"धोंडीभाऊ, दुधाचा वास यायलाय की पान्याला!"

"मंग कावून वरडायल्या? चहाचं दूध वाचलं तुमचं!"

सगळ्यांच्या घागरी भरल्यावर तो नळाखाली ओंजळ धरायचा. कधी पडायचं, कधी नाही. नवी नवरी भिवरा लांबून बघत उभी असायची.

ती उठून डॉक्टरांकडे गेली. "नळी घातल्यावर पानी पाजता येतं का?"

"नाही."

"अन् नळी निघंल?"

"बहुतेक नाही, आजी."

ती परत आली, त्याच्या कानाशी वाकली. "अहो, मशीन लावायचं का? झोपवून ठेवतेत म्हणं."

त्याने मास्क बाजूला सारला. "मशीन नगं. पानी."

तिने तांब्यात तुळशीचं पान टाकलं, चमच्याने पाणी पाजलं. दोन चमचे गेले. तिसरा ओठांवरून गळ्यावर ओघळला, तो तिने पदराने टिपला.

संध्याकाळी भारतचा फोन आला. "माय, लावलं का मशीन?"

"न्हाई रे बाळा. गेले तुझे बाबा. पानी पिऊन गेले."

मग त्याने विचारलं, "किती प्याले?"

"तांब्याभर," भिवराबाई म्हणाली, आणि भरलेल्या तांब्यावर फुलपात्र पालथं घातलं.