एक्केचाळीस सकाळी

लीलाधर सरांनी जन्मभरात एकाच पत्राला उत्तर दिले नव्हते. लग्नपत्रिका आली तरी पोचल्याचे कार्ड टाकणारा हा माणूस. एकदा नापास झालेल्या एका विद्यार्थ्याने त्यांना दोन पाने शिव्या लिहून पाठवल्या, त्यालाही त्यांनी ‘आपले पत्र मिळाले’ असे कळवले होते. पण शहाण्णवच्या जानेवारीत धरणगावहून आलेले एक निळे आंतरदेशीय पत्र तसेच राहिले. त्यांनी ते फाडले नाही, जाळले नाही. आपल्या प्रबंधाच्या बांधीव प्रतीत, तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला, ठेवून दिले. पुढे पत्नी वारली, मुलगी सासरी गेली, देवपुरातल्या घराचे कपाट तीनदा आवरून झाले, पण पत्राची जागा बदलली नाही.

पत्र सुकदेव महाजनचे होते. सरांचा प्रबंध कपाशीच्या पानावर दव किती तास टिकते, यावर होता. दव फार वेळ टिकले की पानावर दहिया रोग पसरतो. रात्रीचे तापमान आणि हवेतला दमटपणा यांवरून दवाचे तास सांगणारे एक सूत्र सरांनी बांधले होते, आणि त्यासाठी धरणगावच्या शिवारात रोज सकाळी दव मोजायला सुकदेवला नेमले होते. पहाटे चारपासून ऊन चढेपर्यंत दर अर्ध्या तासाने पानाला टीपकागद लावायचा आणि डाग उमटणे थांबले की वेळ वहीत लिहायची. पहिल्या दोन वर्षांच्या नोंदींवरून सूत्र तयार झाले. तिसऱ्या वर्षाच्या नोंदी सूत्र खरे की खोटे हे पाहण्यासाठी होत्या. ते इतके खरे निघाले, की सरांच्या मार्गदर्शकांनी टेबलावर थाप मारली होती.

तोंडी परीक्षेला अकरा दिवस उरले असताना पत्र आले.

‘सरांना सुकदेवचा नमस्कार. मागच्या हिवाळ्यात बायको इंदिरा फार आजारी होती. एक्केचाळीस सकाळी मी वावरात गेलो नाही. ओसरीवरच्या थर्मामीटरचे आकडे खरे आहेत. दवाचे तेवढे तुम्ही शिकवलेल्या सूत्राच्या तक्त्यावरून भरले. वही कोरी राहिली तर तुमचे काम बुडेल असे वाटले. आता झोप लागत नाही. ते आकडे खोडू का, तेवढे कळवा. तुमच्या सांगण्याशिवाय माझा हात धजत नाही.’

म्हणजे सूत्र सूत्राशीच ताडून पाहिले होते. सरांनी पत्र दोनदा वाचले आणि ठरवले, परीक्षा झाली की उत्तर देऊ. परीक्षा झाली. मग ठरवले, पदवी हातात पडली की देऊ. पदवीनंतर उत्तराला इतका उशीर झाला होता, की आधी उशिराची क्षमा मागावी लागली असती, आणि ती कोणत्या शब्दांत मागावी हे त्यांना सुचेना. न सुचण्यात अठ्ठावीस वर्षे गेली.

आता त्या सूत्राचे नशीब उघडले होते. सरांचा जुना विद्यार्थी भूषण जळगावच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे. त्याने सरांच्या सूत्राचे पायथॉन पॅकेज करायचे ठरवले. पायथॉन ही संगणकाची भाषा, आणि पॅकेज म्हणजे जगातल्या कोणालाही उचलून वापरता यावे असे सूत्राचे बांधलेले गाठोडे. शनिवारी कॉलेजात कृषी खात्याची माणसे येणार होती, त्यांना ते दाखवायचे होते. गुरुवारी सकाळी सर देवपुरातून निघाले, एस.टी.ने पारोळा, एरंडोल करत जळगावला उतरले आणि मांडीवर कापडी पिशवी घेऊन भूषणच्या खोलीत बसले. पिशवीत प्रबंध होता. प्रबंधात पत्र होते.

“सर, पूर्वी हे सगळं हातानं मांडावं लागायचं,” भूषण म्हणाला. “आता टेम्प्लेट मिळतं. ते प्रश्न विचारतं, आपण उत्तरं द्यायची. की सगळा संसार तयार! फक्त नवरदेव तेवढा आपण न्यायचा.”

पडद्यावर एकेक प्रश्न उमटू लागला आणि भूषण तो वाचू लागला.

“पॅकेजचं नाव?”

सर लाजले. “दहिवर.”

“म्हणजे?”

“दवच. जुना शब्द आहे.”

“तुम्ही आणि तुमचे जुने शब्द! घ्या, दहिवर. कोणालाही फुकट वापरू द्यायचं? हो. लेखकाचं नाव? डॉक्टर लीलाधर...”

“भूषण,” सर चाचरत म्हणाले, “तिथे दोन नावं चालतात का?”

“चालतात की. दुसरं माझं टाकताय? नको हो सर, मी काय, हमाल.”

“तुझंही टाकू. पण सुकदेव महाजन म्हणून एक होता. दवाच्या सगळ्या नोंदी त्यानंच घेतल्या.”

एस.टी.त अडीच तास त्यांनी या वाक्याची उजळणी केली होती. उत्तर देता आले नाही, निदान नाव तरी घालावे, असा त्यांचा हिशेब होता.

“वा! हल्ली कोण नोंदी घेणाऱ्याचं नाव घालतं?” असे म्हणत भूषणने नाव घातले आणि बटण दाबले. क्षणात पडद्यावर फोल्डरांची रांग लागली. सूत्रासाठी एक, माहितीसाठी एक, चाचण्यांसाठी एक. नव्या घरासारखे होते सगळे. दारांवर पाट्या लागलेल्या, आत सामान नाही. सूत्र लिहायला भूषणला अकरा ओळी पुरल्या. सरांना त्यासाठी सात वर्षे लागली होती.

“आता चाचणी. टेम्प्लेटनं नमुन्याची एक दिलीय, ती नेहमीच पास होते. नेत्यांच्या पोरांसारखी.” भूषण स्वतःच हसला. “ती काढू. आपण तुमचं तिसरं वर्ष घेऊ. अडुसष्ट सकाळी. सूत्राची सरासरी चूक तासाच्या आत आली तर पास. नोंदींचा तक्ता द्या, सर. प्रबंध आणलाय ना?”

त्याने पिशवीकडे हात केला. सरांनी ती छातीशी ओढली. “मी वाचून दाखवतो,” ते म्हणाले आणि पुस्तक आपल्याकडे कलते धरून अडुसष्ट दिवसांचे आकडे एकेक करून वाचले. निळ्या कागदाची कड त्यांच्या अंगठ्याखाली होती.

चाचणी पास झाली. चूक चाळीस मिनिटे. पडद्यावर हिरवी ओळ आली आणि सरांना वाटले, संपले एकदाचे. पण भूषणला आकडे नुसते पाहून सोडायची सवय नव्हती.

“सर, इकडे बघा. एकोणीस नोव्हेंबरपासून सलग एक्केचाळीस दिवस चूक शून्य. अर्ध्या तासाचाही फरक नाही.” तो खुर्चीत मागे रेलला. “निसर्ग इतका आज्ञाधारक नसतो. हे वावरात मोजलेलं नाही. हे तक्त्यावरून उतरवलंय.”

त्याने ते दिवस वगळून चाचणी पुन्हा चालवली. उरलेल्या सत्तावीस दिवसांत चूक एक तास चाळीस मिनिटे निघाली. ओळ लाल झाली.

“तुमच्या सुकदेवनं तुम्हाला चांगलंच बनवलं, सर.”

सरांनी या क्षणी पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवायचा होता. हात पिशवीच्या बंदापर्यंत गेलाही. पण भूषणच्या चेहऱ्यावर त्यांच्याविषयी इतकी दया होती, की ती दूर सारायचे धैर्य त्यांना झाले नाही. आयुष्यात फार थोड्या लोकांनी त्यांच्याकडे असे पाहिले होते.

“जिवंत आहे का तो?” भूषणने विचारले. खानदेशातल्या प्रत्येक गावात त्याचा एक तरी नातलग होता. धरणगावातल्या दीपकने दहा मिनिटांत नंबर पाठवला. भूषणने फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

“सुकदेवभाऊ, जळगावहून बोलतोय. लीलाधर सर आहेत माझ्याजवळ.”

“सर शेतंस तठे?” पलीकडचा आवाज एकदम उभा राहिल्यासारखा झाला. “सर, नमस्कार करस मी! तब्बेत बरी शे ना?”

“बरी आहे,” सर म्हणाले.

“भाऊ, एक विचारतो,” भूषण म्हणाला. “चौऱ्याण्णव साली थंडीत तुम्ही घरी गोधडीत बसून दव मोजत होतात ना? एक्केचाळीस दिवस?”

पलीकडे कोणीतरी भांडी घासत होते. तो आवाज थांबला.

“खोटं नही बोलाव मी,” सुकदेव सावकाश म्हणाला. “भरात आकडा मी. बायको बिमार व्हती. पन मी सरस्ले पत्र लिखं व्हतं. बठ्ठं लिखं व्हतं त्यामा. सरस्लेच विचारा.”

भूषणने सरांकडे पाहिले. त्याच्या नजरेत संशय नव्हता. नुसता प्रश्न होता.

“पत्र?” सर म्हणाले. पिशवी त्यांच्या गुडघ्यांवर होती. “नाही. मला नाही मिळालं.”

फोनवर म्हातारा हसायला लागला. हसताना त्याचा आवाज फाटत होता.

“मिळनंच नही? सारिका, ऐकं का? सरस्ले पत्र मिळनंच नही! पोस्टमाच गयं ते!” मग पुन्हा फोनमध्ये, “सर, अठ्ठावीस साल मी समजे का तुम्ही मन्हावर राग धरी बठनात. म्हनीसन उत्तर उनं नही. कृषी खात्यामा कायम नोकरी निंघनी व्हती, तुमनी चिठ्ठी लागे. कोन्या तोंडे मांगू? अर्जच करा नही मी. इंदिरा मरेपर्यंत म्हने, सर मोठा मानूस शे, कधी ना कधी दोन ओळी लिखतीन. आते तिले काय सांगू?”

“सुकदेव...” सर म्हणाले.

“पण आकडे खोटे तर खोटेच ना, भाऊ,” भूषण म्हणाला. “आम्हाला ते लिहावं लागेल. तुमच्या नावानं.”

“लिखा ना. खुशाल लिखा. मी करं ते लिखा. आते मले काही नही वाटाव. सर मन्हावर नाराज नव्हतात, बस.” मग हळूच म्हणाला, “सर, एक काम करशात? आते तरी एक पत्र लिखा मले. मन्हा डोया गयात, पन सून सारिका वाची दी. चार लोकस्ले बलावसू, मोठ्यानं वाचाले लावसू. पत्ता तोच शे.”

“लिहितो,” सर म्हणाले.

फोन बंद झाला. भूषण बराच वेळ काम करत राहिला. विद्यापीठाच्या हवामान केंद्राच्या गेल्या पाच वर्षांच्या नोंदी त्याच्याकडे होत्या. त्यांवरून त्याने सूत्रातले दोन आकडे बदलले आणि चाचणी पुन्हा हिरवी झाली. “सूत्राची बांधणी भक्कम आहे, सर. पाया तेवढा कुजका होता. तो आपण बदलला.” मग त्याने लेखकांच्या यादीतून सुकदेवचे नाव काढले, माहितीच्या फोल्डरात नवी ओळ उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचले: “तिसऱ्या वर्षाच्या नोंदी वापरू नयेत. निरीक्षक सुकदेव महाजन, धरणगाव, यांनी एक्केचाळीस दिवसांचे आकडे बनावट भरले होते. मूळ संशोधकास याची कल्पना नव्हती. बरोबर ना, सर?”

“‘बनावट’ऐवजी ‘अंदाजे’ लिहिलं तर?”

“किती मऊ मनाचे तुम्ही!” भूषण म्हणाला. त्याने ‘बनावट’ तसेच ठेवले आणि बटण दाबले. पॅकेज जगासाठी खुले झाले. पडद्यावर लेखक म्हणून लीलाधर सरांचे नाव होते, त्यांचे एकट्याचे. भूषणने स्वतःचेही काढून टाकले होते. “गुरुदक्षिणा समजा,” तो म्हणाला आणि त्यांच्या पाया पडला.

शुक्रवारी सर घरातून बाहेर पडले नाहीत. शनिवारी सकाळी त्यांनी पोस्टातून एक आंतरदेशीय पत्र आणले आणि टेबलाशी बसले. आधी वहीच्या पानावर मजकूर जुळवला. ‘तुमचे पत्र मला मिळाले असते तर...’ एवढे लिहून हात थांबला. तोंडाने ते बोलून गेले होते, पण खोटे पत्र त्यांनी कधी कोणाला लिहिले नव्हते, आणि या वयात ते जमेल असे वाटेना. ‘तब्येतीला जपा’ असे लिहून पाहिले. तेही खोडले. तेवढ्यासाठी का तो चार माणसे बोलावणार होता?

खरे सांगायची जागा जळगावात होती, हे त्यांना कळत होते. दुपारी तिथे कृषी खात्याची माणसे जमणार होती. एक फोन केला असता तर भूषणने ती ओळ पाच मिनिटांत बदलली असती. मूळ संशोधकास कल्पना होती, एवढेच तर लिहायचे. त्यांनी भूषणचा नंबर काढला, चष्मा पुसला, नंबर पुन्हा पाहिला आणि फोन पालथा ठेवला. खरे तर कुठेतरी सांगायलाच हवे होते. धरणगाव त्यातल्या त्यात लांब होते, आणि तिथे समोर कोणाचा चेहरा नव्हता.

मग त्यांनी निळ्या कागदावर आपल्या वळणदार अक्षरात लिहिले:

‘प्रिय सुकदेव, तुमचे २ जानेवारी १९९६ चे पत्र मिळाले. ते मला त्याच आठवड्यात मिळाले होते. गुरुवारी फोनवर मी खोटे बोललो. तुम्ही विचारलेत त्याचे उत्तर असे, की ते आकडे खोडावेत. उशिराबद्दल क्षमस्व. हा मजकूर कृपया तुमच्यापुरताच ठेवावा.’

शेवटचे वाक्य लिहिताना त्यांना म्हाताऱ्याचे गेलेले डोळे आठवले, सून आठवली, ओसरीवर जमणारे चार लोक आठवले. पेन थोडा वेळ कागदावर टेकून राहिले आणि तिथे शाईचा ठिपका पडला. वाक्य त्यांनी राहू दिले. सही केली, कडा डिंकाने चिकटवल्या, पत्ता लिहिला. पत्ता तोच होता, पाठ होता.

देवपूरच्या पोस्टाबाहेरची पेटी अकरा वाजता उघडते. सर पावणेअकराला पोचले. पत्र त्यांनी फटीत अर्धे सरकवले आणि तसेच धरून उभे राहिले. मागून एक बाई म्हणाली, “आबा, टाकताय ना? मलाही टाकायचंय.”

“हो, हो, माफ करा,” ते म्हणाले आणि सोडले. पत्र आत पडले. ते फटीत कुठे अडकले तर नाही ना, हे त्यांनी दोन बोटे घालून पाहिले, आणि बाईंसाठी बाजूला झाले.