दुरुस्त करून सादर

"बाबा, जिलेबी कुठी लपवली?"

न सांगता अमरावतीहून पहिल्याच बसने आलेल्या देवश्रीने चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. फडताळ झालं, डबे झाले, उशीखालीही हात घालून झाला. चिंतामणराव खाटेवरून पाहत होते. सारी हयात अकोल्याच्या कोर्टात वकिलाचे कारकून म्हणून गेलेली. झडती त्यांना नवी नव्हती.

"अवं, चहातबी साखर नाई घरात. काहून डबे उपसून राहिली?"

उपसणारच! देवश्री मुळातच संशयी, आणि पोट भरायची तेही संशयावरच. लोकांनी भरलेली माहिती तपासणारे प्रोग्राम लिहायची. बाबांच्या मधुमेहासाठीही तिने पायथॉन या संगणकाच्या भाषेत एक 'क्लास', म्हणजे प्रोग्रामचा साचा, लिहिला होता. त्यात 'साखर' ही प्रॉपर्टी, म्हणजे रक्तातल्या साखरेचा रकाना. बाबांनी मोबाइलवर भरलेला आकडा आधी तिच्या 'सेटर'पुढे, म्हणजे आकडा तपासूनच रकान्यात घेणाऱ्या कोडपुढे, जायचा. अटीत बसला तर आत, नाहीतर परत. बाबा घाईत एखादं शून्य जास्त दाबतात, म्हणून तीनशेच्या वरचं काही घ्यायचंच नाही, अशी अट तिने घालून टाकली. तेवढी साखर त्यांची कधी गेलीच नव्हती.

आणि महिनाभर आकडे कसे? एकशे वीस, एकशे तीस. या गोडघाशा माणसाचे? छे! मनानेच भरतात, दुसरं काय.

"आत्ता तपासा. माह्यासमोर."

बाबांनी निमूट बोट टोचलं. यंत्र म्हणालं, तीनशे बेचाळीस. त्यांनी तेच भरलं. मोबाइलवर उमटलं: 'आकडा अमान्य. दुरुस्त करून पुन्हा भरा.' बाबांनी शांतपणे तीन पुसून एक केला. एकशे बेचाळीस. प्रोग्रामने मुकाट्याने घेतला.

"बाबा! हे काय केलं तुमी?"

"दुरुस्ती केली. खिडकीवरून कागद परत आला, त बाबूसंगं भांडाचं नसते माय. त्याले पायजे तसा करून द्याचा. मले वाटलं, यंत्र जुनं झालं असन. तुहा प्रोग्राम कायले चुकते?"

देवश्री खाटेपाशी खाली बसली. तो संदेश तिनेच लिहिला होता. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता. खाली बसली म्हणूनच तिला दिसलं, बाबांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं. तिने ते सोडलं. अंगठा काळा पडला होता.

"मले काहून नाई सांगतलं?"

"दुखत नाई. अन आकडे त चांगले होते ना."

तिने ऑटो बोलावला. त्यांच्या पायात जपून चप्पल सरकवली. बाबांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला, यंत्र खिशात टाकलं आणि दारात थबकून विचारलं, "दवाखान्यात कोनता आकडा सांगू बाई? याचा, का तुहा?"