एकेचाळिसाव्या वाघिणीचं चाक

चाकं तपासणाऱ्या उलमेकेन आपाने मालगाडीच्या एकेचाळिसाव्या वाघिणीच्या चाकावर लांब दांड्याचा हातोडा मारला आणि ती थबकली. पुन्हा मारला. मग खडू काढून वाघिणीच्या लोखंडी कुशीवर मोठी फुली ओढली, खाली आपलं नाव लिहिलं.

फुली म्हणजे वाघीण गाडीतून काढायची. आमच्या यार्डात फुली पुसायची कुणाला बंदी नाही. पुसणाऱ्याने तिथंच स्वतःचं नाव लिहायचं, एवढंच. सत्तावीस वर्षांत आपाची फुली कुणी पुसली नव्हती.

यार्डमास्तर येरकेबुलान बर्फ तुडवत आला. "आपा, सत्तर उघड्या वाघिणी, काठोकाठ कोळसा. तिकडे शहरात कोळशावाचून नळ गोठलेत. ही एक कापून बाजूला काढायची तर तास जाईल!"

"चाकाला तडा आहे."

"दाखव."

"दिसत नाही. ऐकू येतो."

इंजिनवाला खिदळला. "उणे चौतीसमध्ये आमचे कान गळून पडायची वेळ, अन् हिला चाकं गाणी म्हणून दाखवतात!"

"म्हणतात तर!" आपाने चाळिसावीचं चाक वाजवलं. स्वर उठला, लांबत लांबत पांढऱ्या माळावर विरून गेला. मग एकेचाळिसावीचं वाजवलं. भद्द. गाता गाता कुणी गळा धरावा तसं.

"बर्फ चिकटलाय त्याला," येरकेबुलान म्हणाला.

आपा गुडघ्यांवर बसली. कडेकडेने सगळा बर्फ खरवडला, थर्मासमधला स्वतःचा चहा ओतून उरलासुरला सोडवला, चाक पुसून कोरडं केलं. पुन्हा हातोडा.

भद्द.

"गाडी सुटली नाही तर आजच घरी बसवीन तुला."

"बसव की. सून रोज तेच म्हणते." तिने खडू त्याच्यापुढे धरला. "घे. पूस, अन् नाव लिही. मी हात धरणार नाही."

त्याने हातमोजा काढला, खडू घेतला. तळवा फुलीपर्यंत गेला. आम्ही सगळे जवळ सरकलो. मग त्याने दुसरा हात पुढे करून आपाकडून हातोडा घेतला, वाकला आणि चाकावर एकदाच मारला. बराच वेळ तसाच वाकलेला राहिला.

"कापा ही वाघीण," तो आमच्याकडे न बघता म्हणाला. मग आपाला, "शहरातून फोन आला तर तुझं नाव सांगीन हं."

"सांग. लिहूनच ठेवलंय," आपा म्हणाली, आणि हातोडा घेऊन बेचाळिसावीकडे वळली.