चाकाच्या घराची वास्तुशांत

जुनी म्हणा, पण थकलेली म्हणू नका. मी एक मागे जोडायची गाडी आहे, मित्रांनो. मला स्वतःचं इंजिन नाही. माझ्या दांड्याला हूक आहे, तो जीपला अडकवला की मी निघाले. पोटात झोपायला दोन बाकं, मागचं फळकूट खाली पाडलं की स्वयंपाकाचा ओटा, आणि छत वर उचललं की ताडपत्रीच्या भिंती. शहरातली माणसं मला कॅम्पर ट्रेलर म्हणतात. मुखेडात मला कुणी त्या नावानं हाक मारली नाही. तिथं मी चाकाचं घर.

माझा जन्म लातूरला बसवराजच्या शेडमध्ये झाला. बसवराज ऊस वाहायच्या ट्रॉल्या बनवतो. माझ्या आजूबाजूला सगळ्या दणकट ट्रॉल्या उभ्या, आणि त्यांच्यात मी, खिडक्या असलेली. बसवराजनं असलं काही आधी केलेलं नव्हतं. म्हणून त्यानं दोन चाकांना जोडणारा ट्रॉलीचाच जाड धुरा घेतला, धक्के झेलायला ट्रॉलीचेच पोलादी पट्ट्यांचे पाटे घातले, पोट जमिनीपासून चांगलं उंच ठेवलं आणि खोल नक्षीचे टायर लावले. दगडगोटे असोत, नांगरलेलं शेत असो, ओढ्याचं पात्र असो, ही कुठं अडायची नाही, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. रंग वाळायच्या आधीच माझ्या चाकांना चुळबूळ सुटली होती. शेजारच्या ट्रॉल्या रोज सकाळी निघून जायच्या आणि मी मात्र बघत राहायची. कधी एकदा निघते, असं मला झालं होतं.

मला बनवून घेणारे हणमंतराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सगळी नोकरी मुखेड डेपोत गेली. मुखेड ते नांदेड, मुखेड ते लातूर आणि फार तर औसा, एवढाच त्यांचा रस्ता. निवृत्तीनंतर त्यांना घरात चैन पडेना. खुर्चीत बसले तरी उजवा पाय जमिनीवर दाबत राहायचे. त्यांची बायको सिंधुबाई अंगणवाडी चालवायच्या. भिंतीवर टांगलेल्या चित्रांवर काठी ठेवून त्यांनी गावातल्या दोन पिढ्यांना हत्ती, जहाज आणि समुद्र शिकवला. हत्ती एकदा दारावर आला होता. समुद्र कसा येणार? त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी एका चिमुरडीनं विचारलं, बाई, तुम्ही समुद्र पाहिलाय का? बाईंना हो म्हणता आलं नाही. घरी येऊन त्यांनी हणमंतरावांना एवढंच सांगितलं, की आता मला तो बघायचा आहे, आणि लॉजवर राहायचं नाही, स्वतःच्या हातचं खायचं. त्या सांगण्यातून मी झाले.

आता चूक कुठं झाली ते सांगते. मला मुखेडला आणलं आणि सगळे मला घर म्हणू लागले. घर म्हटलं की वास्तुशांत आली. हणमंतरावांची थोरली बहीण चांगुणाआक्का, शब्दाची मोठी कडक बाई. तिनं ठरवलं, की वास्तुशांत केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, मग त्याला चाकं असोत की नसोत. मांडव घातला, भटजी आले, माझ्या पायरीवर रांगोळी घातली. आणि मित्रांनो, वास्तुशांत म्हटली की आहेर आला.

लाउडस्पीकरवर नावं पुकारली जात होती. अमक्यांकडून भिंतीवरचं घड्याळ, तमक्यांकडून स्टीलचं पिंप. पाटा-वरवंटा आला, पितळी समई आली, गोधड्यांची चळत आली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, पुन्हा घड्याळ आलं. चांगुणाआक्कानं तर लोखंडी कपाट दिलं, आरशाचं. आमच्याकडं वास्तूचा आहेर त्याच वास्तूत ठेवायचा असतो. बाहेर काढला तर देणाऱ्याचं नाक कापल्यासारखं होतं. हणमंतरावांना कुणाचं मन मोडवत नाही. त्यांनी बसवराजला लातूरहून बोलावलं आणि एकेका वस्तूला पट्ट्या वेल्डिंग करून माझ्या पोटात बसवलं. कपाटासाठी तर एक बाक कापावा लागला. पै-पाहुणे यायचे ते आधी आपली वस्तू शोधायचे, जागेवर आहे ना ते बघून मगच चहा घ्यायचे.

मला तेव्हा ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू? गावभर माझं कौतुक होतं. नवरा-नवरी माझ्यापुढं उभं राहून फोटो काढायचे, शाळेची पोरं रांग लावून आत डोकावायची. पण हणमंतरावांचं घर स्टँडच्या रस्त्यावर. रोज सकाळी एसट्या माझ्या समोरून जायच्या, नांदेड, देगलूर, उदगीर, आणि प्रत्येकीच्या मागे माझा जीव थोडा थोडा जायचा. मी मात्र पत्र्याखाली, दांडा विटांच्या टेकूवर.

कारण हणमंतराव निघतच नव्हते. दिवाळीनंतर निघू म्हणाले, आणि दिवाळीनंतर पाण्याची टाकी लहान वाटली म्हणून मोठी बसवली. संक्रांतीनंतर निघू म्हणाले, आणि संक्रांतीला छतावर सौर विजेचं पॅनेल चढवलं. मग उन्हाचा छज्जा, मग खिडक्यांना जाळ्या, मग पुढून लोखंडी कठडा, कुठल्या जंगलातला हत्ती येऊन मला धडकणार होता देव जाणे. माणसं म्हणायची, किती हौस आहे या माणसाला. मलाही हौसच वाटली. सिंधुबाईंना वाटत नव्हती. त्या दुपारी माझ्या पायरीवर डाळ निवडत बसायच्या आणि रस्त्याकडं बघायच्या. डाळ कधीच निवडून झालेली असायची, तरी हात चालूच. आम्हा दोघींची गत तेव्हा एक होती.

दोन हिवाळे असे गेले. एका जागी उभं राहून माझ्या टायरांना खालून सपाटी आली. गोधड्यांत उंदरांनी संसार थाटला. हणमंतराव रोज ओल्या फडक्यानं मला बाहेरून पुसायचे आणि आतून मी कुबट होत होते.

तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर नांदेडहून त्यांची मुलगी आरती हिचा फोन आला. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्या महिन्यात ती मुखेडला येणार. पुढं तिची नोकरी सुरू झाली की बाळही आजीकडंच राहणार. घरात पेढे आले. हणमंतराव म्हणाले, बरं झालं, आता समुद्राचं पुढं कधीतरी बघू. त्यांच्या आवाजात मला जरा सुटकेचा भाव जाणवला. सिंधुबाईंनी पेढा खाली ठेवला.

"बाळ आलं की मी कुठं हलणार न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याचा मला राग बी न्हाई. लई आनंद हाय. पन म्हनूनच आता जायचं. आता न्हाई गेलो तर मग माझ्याच्यानं व्हनार न्हाई."

त्या काही ओरडल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः माझ्या खालच्या विटा काढायला घेतल्या, तेव्हा हणमंतरावांना जीप आणावीच लागली.

आम्ही निघालो. मित्रांनो, पहिल्या हिसक्याला माझ्या अंगावर काय काटा आला म्हणून सांगू. शिरूर ताजबंद गेलं, चाकूर गेलं, लातूर आलं. हणमंतराव रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला नावानं ओळखत होते. पोटात मात्र माझ्या कल्लोळ होता. भांडी वाजत होती, घड्याळं भिंतीवर आपटत होती, आणि कपाट प्रत्येक वळणाला मला आपल्या बाजूला ओढत होतं. औशाच्या अलीकडं एका गतिरोधकावर माझा डावा पाटा मोडला. मोठा आवाज झाला आणि मी एका कुशीवर कलंडून थांबले.

हणमंतराव उतरले, वाकून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसेल असं मला वाटलं होतं. दिसलं ते समाधान.

"झालं," ते म्हणाले. "तिलाच जायचं न्हाई. फिरा माघारी."

मला एवढा संताप आला. मला जायचं नाही? जन्मल्यापासून मला दुसरं काय हवं होतं? पण मला तोंड नाही, मी पडले तशीच पडून राहिले.

फोन केला तसा बसवराज लातूरहून नवा पाटा घेऊन टेम्पोनं आला. तो आधी चाकाखाली गेलाच नाही. माझं दार उघडून आत बराच वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, "मामा, ही गाडी मी समुद्राला केली. लग्नाच्या रुखवताला न्हाई." एवढं वजन असलं तर नवा पाटाही घाटात टिकायचा नाही, हे त्यानं स्पष्ट सांगितलं. सामान इथंच टेम्पोत उतरवा, मी शेडमध्ये सांभाळून ठेवतो, म्हणाला.

हणमंतराव कपाळाला आठ्या घालून उभे. बाकी काही असो, आक्काचं कपाट उतरवायचं नाही, आक्का जन्मभर तोंड बघणार नाही, असं त्यांचं सुरू झालं. सिंधुबाई जीपमधून उतरून त्यांच्यासमोर आल्या.

"कपाटाचं नाव सांगू नका," त्या म्हणाल्या. "कपाटाच्या आदी छज्जा व्हता. छज्ज्याच्या आदी टाकी व्हती. खरं काय हाय ते सांगा."

हणमंतरावांनी पुढच्या रस्त्याकडं बोट केलं. तिथून औशाचा किल्ला दिसतो, आणि त्याच्या बगलेतून सोलापूरचा रस्ता जातो.

"औशाच्या फुडं मी कधी गाडी नेली न्हाई, सिंधु," ते म्हणाले. "सारी नोकरी ह्याच रस्त्यावर गेली. फुडं वळण कुठं हाय, घाट कसा उतरतोय, मला काई ठावं न्हाई. लोक म्हनत्यात, एवढा एसटीचा डायवर. आन मला भ्या वाटून राहिलंय."

बसवराज पटकन माझ्या चाकाखाली शिरला. दोन वर्षं जी हौस समजून मी मिरवत होते, ती ही भीती होती, हे मला तेव्हा कळलं. माझ्या अंगावरचा प्रत्येक नवा तुकडा त्या भीतीनं चढवला होता. माझा राग कुठल्या कुठं गेला.

सिंधुबाई हसल्या नाहीत की समजूत घालायला गेल्या नाहीत. "मग सावकास चालवा," त्या म्हणाल्या. "जन्मभर मी दारात बसून तुमच्या गाडीची वाट बघितली. आज मी गाडीत हाय. किती बी उशीर झाला तरी मला चालतंय."

सामान उतरलं. कपाट उतरताना हणमंतरावांनी स्वतः एका बाजूला हात लावला. पाटा बसला आणि मी सरळ उभी राहिले. इतकी हलकी मी बसवराजच्या शेडमध्येही नव्हते.

औशाच्या पुढं हणमंतराव बैलगाडीच्या चालीनं चालले. मागून लोक हॉर्न मारायचे, मारू दे. सह्याद्रीचा घाट आला तेव्हा सिंधुबाई शेजारी बसून एकेक वळण आधी सांगत होत्या, आता डावीकडं हाय, आता ट्रक येतोय, आता मोकळं हाय. हणमंतराव पहिल्या गियरमध्ये, घामानं ओले. मी मागून माझा तोल सांभाळत होते. खाली उतरल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, रस्त्यावर उतरून वर घाटाकडं बघितलं आणि लहान मुलासारखे हसले. मग डांबरी संपली, लाल मातीची वाट आली, मग नुसती वाळू. तिथं बसवराजचा जाड धुरा आणि खोल नक्षीचे टायर कामाला आले. मी कुठंही रुतले नाही.

समुद्र दिसला तशा सिंधुबाई जीपमधून उतरल्या. चपला माझ्या पायरीवर काढून पाण्याकडं गेल्या आणि लुगड्याचा काठ भिजेपर्यंत उभ्या राहिल्या. हणमंतराव मागं जाऊन उभे राहिले.

"चित्रात आवाज नव्हता," त्या एवढंच म्हणाल्या.

आरती यायच्या आधी आम्ही मुखेडला परतलो. तिला मुलगी झाली. बारशाला सगळा गोतावळा जमला आणि सवयीनं आपापली वस्तू शोधायला माझ्या दारात आला. आत मोकळं बघून काहींनी नाकं मुरडली, काही न जेवता गेले. ते हणमंतरावांशी अजून बोलत नाहीत. चांगुणाआक्का सगळ्यात शेवटी आली. हणमंतराव घरातून बाहेरच आले नाहीत. आक्का माझी पायरी चढली, कपाटाच्या रिकाम्या जागेकडं बघितलं आणि उरलेल्या बाकावर बसली. सिंधुबाई बाळाला घेऊन दारात उभ्या. बोलणी खायची त्यांनी तयारी ठेवली होती. आक्कानं खिडकीची जाळी बाजूला सारली, बाहेर स्टँडवरून एक एसटी निघाली होती तिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "लई लांब हाय का गं समिंदर?"

बाळ अजून तान्हं आहे, म्हणून सध्या मी पत्र्याखालीच आहे. पण आता माझ्याखाली विटा नाहीत, आणि हणमंतराव आठवड्यातून एकदा मला औशाच्याही पुढं फिरवून आणतात. माझी चुळबूळ काही गेलेली नाही. ती जाऊही नये.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी गाडी असेल तर तिला जपा. तिचे पाटे तपासा, धुऱ्याला ग्रीस द्या, टायरात हवा भरा. पण पुसून-सजवून कोपऱ्यात उभं करणं म्हणजे जपणं, असं समजू नका. आणि तुमच्या घरातलं कुणी निघायचं पुढं ढकलत असेल, रोज नवं कारण काढत असेल, तर त्याच्यावर चिडू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि त्याला वळणं सांगा.