तुमच्याकडे ठेवलेली मी, अनामत

मी अनामत बोलतेय. ग्रंथालयाचं कार्ड काढताना, भाड्याची खोली घेताना तुम्ही नाइलाजाने देता ती मी. माझी पावती तुम्ही इतकी जपून ठेवता, की पुढे ती तुम्हालाच सापडत नाही. निवडणुकीत एखाद्या उमेदवाराची मी जप्त झाले की चारचौघांत हशा पिकतो. त्यात माझा काय दोष, हे कुणी विचारत नाही.

माझं माहेर अरबी भाषेत. फारसीच्या वाटेने, कारभाऱ्यांच्या लेखणीतून इकडे आले तेव्हा मी 'अमानत' होते. मराठी जिभेने माझ्या 'म' आणि 'न'ची अदलाबदल करून टाकली. मी कुरकुर केली नाही, नव्या घरात एवढं चालायचंच. अर्थ मात्र सोडला नाही. विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेली वस्तू म्हणजे मी.

हिशेब शिकणारे मला पाहून गोंधळतात. पैसे गल्ल्यात आलेत, मग ते उत्पन्नात का धरायचे नाहीत? उलट देण्यांच्या बाजूला का लिहायचे? अहो, मी घरात असले तरी त्या घरची नव्हे. मला कधीतरी परत जायचं असतं.

आजवर असंख्य वह्यांमध्ये राहिले, पण एक दुकान माझ्या मनातून जात नाही. तिथे आजारी माणसांसाठी चाकाच्या खुर्च्या, कुबड्या आणि पलंग भाड्याने मिळत. मालक म्हातारे होते, सगळे त्यांना आजोबाच म्हणत. हाताशी त्यांची सून होती. आजोबांचा एकच कडक नियम होता, अनामतीला हात लावायचा नाही. घरात कितीही ओढाताण असली तरी माझ्या पैशांचा डबा घरखर्चासाठी कधी उघडला गेला नाही. असा मालक मिळाल्याचा मला अभिमान होता.

एका दुपारी कोपऱ्यावरचे टेलरमास्तर आले. त्यांची आई न्हाणीघरात घसरून पडली होती, कंबरेचं हाड मोडलं होतं. तिला चाकाची खुर्ची हवी होती आणि मास्तरांचा खिसा दवाखान्याने रिकामा केला होता. त्यांनी हातगाडीवरून आपलं शिलाई मशीन आणलं.

"पैशांऐवजी हे ठेवून घ्या," ते म्हणाले.

आजोबांनी वहीत माझ्या नावाखाली 'शिलाई मशीन एक' असं लिहिलं, मशीनवर चादर घातली आणि ते आतल्या खोलीत ठेवलं. मास्तर खुर्ची ढकलत घरी गेले. मला तेव्हाच कसंसं झालं. त्यांची रोजची भाकरी माझ्या नावावर चादरीखाली पडली होती.

थोड्याच दिवसांत मास्तर परत आले. दाढी वाढलेली, हातात कापडाचा गठ्ठा.

"शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. मशीन नेत नाही. इथेच बसून थोडा वेळ शिवू का? आईची औषधं संपत आलीत. आज हो म्हटलं नाही, तर काम दुसऱ्याकडे जाईल."

"मास्तर, वाईट वाटून घेऊ नका," आजोबा म्हणाले. "अनामत वापरायची नसते. आज तुम्हाला हो म्हटलं, तर उद्या मीच वापरायला लागेन."

मास्तर गठ्ठा उचलून वळले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण शब्दाला कुणी तरी उच्चारावं लागतं.

सुनेने उच्चारलं. "बाबा, अनामत वापरायची नाही ती आपण. मशीन त्यांचंच आहे ना? ज्याचं त्याने वापरलं तर आपलं काय मोडतं?"

आजोबांनी वही उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. माझी राखण करता करता ते माझ्या धन्यालाच विसरले होते. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पोरी, इतकी वर्षं मला हे सुचलं नाही बघ," ते म्हणाले. "मास्तर, थांबा. खिडकीपाशी उजेड चांगला आहे."

त्या दिवसापासून दुकानात मशीनची घरघर सुरू झाली. गणवेश झाले, मग सुनेने खुर्च्यांच्या फाटलेल्या गाद्याही मास्तरांकडूनच शिवून घेतल्या आणि मजुरी हातावर ठेवली. आजोबा दिवसातून दोनदा चहा मागवत, एक कप खिडकीपाशी जाई. वहीत मी होते तिथेच होते, पण आता माझं ओझं कुणाला होत नव्हतं.

एका सकाळी मास्तर खुर्ची परत घेऊन आले. खुर्ची रिकामी पाहून सुनेचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागून काठी टेकत त्यांची आई दारात आली. धाप लागली होती, पाय थरथरत होते.

"बसा, बसा आजी," आजोबांनी स्टूल पुढे केलं.

"आधी याचं मशीन मोकळं करा," आजी म्हणाल्या. "माझ्यापायी अडकलंय ते. मग बसते."

त्या उभ्याच राहिल्या. आजोबांनी घाईघाईने वही उघडली, 'परत दिले' असं लिहिलं आणि माझ्यावर रेघ ओढली.

तुम्हाला वाटेल, नावावर काट पडली की शब्दाला वाईट वाटत असेल. मी तर त्या काटेसाठीच जगते. आज मी वहीतून संगणकाच्या रकान्यात गेले आहे. तिथेही कुणाकुणाची मी पडून आहे आणि मला न्यायला कुणी येत नाही. तुमच्या कपाटात, खात्यात मी असेन, तर त्या माणसाच्या येण्याची वाट पाहू नका. त्याला उभं राहता येत नसेल, तर तुम्हीच मला घेऊन त्याच्या दारी जा.